दोन, तीन, पाच

मी शिट्टी बोलतेय. मला पहिल्यांदा खटकलं ते एक्याण्णव.

सांगते. दुसऱ्या शाळांची पोरं पळताना गाणी म्हणतात. आमची मूळ संख्या म्हणतात, ज्यांना एक आणि ती स्वतः सोडून कशानंच भाग जात नाही त्या. एकीनं एक म्हणायची, दुसरीनं पुढची. त्या गुरुवारी कालव्याकाठच्या वाटेवर थुई म्हणाली, "एकोणनव्वद." आणि रोशेल म्हणाली, "एक्याण्णव."

तेरा साती एक्याण्णव! माझ्या डोक्यात बुचाची एक गोळी आहे फक्त, तरी मला कळलं.

"तेरा साती, बाई," थुई हसली. "भौतिकशास्त्राच्या पेपरानं खाल्लंय तुला."

"हो, एक्याण्णव," रोशेल म्हणाली. हसली नाही.

मी थुईच्या गळ्यात दचकले. तशी मी कशालाही दचकते, दार आपटलं तरी आत गोळी हलते. पण हे दचकणं वेगळं होतं.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका कारखान्यातला. पितळेचं अंग, वर चकचकीत मुलामा. तिथून पेटीत बसून इथं अमेरिकेच्या दक्षिणेला, लुईझियानात आले. या शाळेला मॅग्नेट शाळा म्हणतात. गावाच्या चारी टोकांची पोरं परीक्षा घेऊन, सोडत काढून ओढून आणते. मी पितळेची, मला चुंबक ओढत नाही, तरी तीस वर्षं इथंच चिकटून आहे. पहिला मालक फुटबॉलचा कोच. तो मला इतकं फुंकायचा की माझा मुलामाच उडाला. त्याला नवी प्लास्टिकची मिळाली आणि मी प्रयोगशाळेच्या खणात गेले, फुटक्या परीक्षानळ्यांशेजारी. अकरा वर्षं! अंधारात माणूस काय काय कल्पना करतं, ते मला विचारा.

रसायनशास्त्राच्या गिड्री सरांनी मला बाहेर काढलं, कारण पळणाऱ्या मुलींना शिकवायला कुणीच तयार नव्हतं आणि सर चुकून "बघतो" म्हणाले होते. दारातल्या काचेच्या कपाटात आमचे विज्ञानाचे आणि वादविवादाचे करंडक नुसते दाटलेत. खेळाचा एकच. तोही 'सर्वांत सभ्य संघ' म्हणून.

सरांचा नियम: फोन बादलीत, आणि जी सगळ्यांत मागे पळेल तिच्या गळ्यात शिट्टी. म्हणजे मी कायम थुई फामच्या गळ्यात. थुई माझ्यासारखीच. खार आडवी गेली तरी तिचा श्वास अडकतो.

मागच्या महिन्यात गांधीलमाश्या तिच्या मागे लागल्या. तिनं मला तीनदा फुंकलं, कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. पलीकडच्या मैदानावर फुटबॉलवाल्यांच्या दहा शिट्ट्या, शेजारी बँडचे ढोल. शिट्टी वाजली की इथं लोकांना वाटतं, वाजतेच.

मग मुलींनी शक्कल लढवली. संकटात दोन, तीन, पाच वाजवायचे. ऐकेल त्यानं सात वाजवून उत्तर द्यायचं. "फुटबॉलवाला जन्मात मूळ संख्या वाजवणार नाही," रोशेल म्हणाली होती. परतीच्या बसमध्ये या हुशारीचा आठवडाभर गलका. बस चालवणाऱ्या मिस अर्लीन आरशातून बघत म्हणाल्या, "बाळांनो, मला एकच आकडा कळतो. साडेपाच. साडेपाचला मी निघते, तुमच्यातला शास्त्रज्ञ मागे राहिला तरी."

सगळ्या हसल्या. मीही. पण मनात आलं, संकटात कुणाला मोजायला सुचतं का?

तर गुरुवार. सप्टेंबरातली दुपार, हवा ओल्या टॉवेलसारखी तोंडावर. रोशेल आमची सगळ्यांत वेगवान, ती मागे थुईबरोबर कशी? तिनं जेवणाच्या सुट्टीतही पेपराची उजळणी केली होती, डबा तसाच. बाकीच्या मुली वळणापलीकडे दिसेनाशा झाल्या. रोशेलचं पाऊल वाटेवरून सुटून गवतात पडायला लागलं.

"रो, थांब. पाणी पी."

"बस कुठाय?"

"कसली बस? आपण आत्ता तर निघालोय."

"आई वाट बघतेय बसमध्ये," रोशेल म्हणाली, आणि गुडघ्यांवर बसली. मग आडवीच झाली.

थुईनं बाटली तिच्या डोक्यावर रिकामी केली. कपाळाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. "रो, एकोणनव्वदच्या पुढे काय? सांग ना गं. सत्त्याण्णव! सत्त्याण्णव म्हण!"

रोशेलची मान एका बाजूला कलंडली.

थुईनं तिला पाइनच्या सावलीत ओढलं. सोडून पळावं तर ही एकटी, बाजूला कालवा. मग तिनं मला ओठांत धरलं. दात वाजत होते, मला कळत होतं.

दोन. तीन. चार...

चार! श्वास तुटला तिचा. चारला दोननं भाग जातो, पोरी! पण मी कशी सांगणार? मला माझा आवाज नाही, तुमच्या श्वासाइतकाच तो.

पलीकडून ढोल आले. फुटबॉलची शिट्टी आली, लांबलचक, आळशी.

तिनं ओठ पुसले. दोन. तीन. पाच. थांबली. काही नाही. पुन्हा दोन, तीन, पाच. गोळी थुंकीनं चिकटायला लागली. मी जिवाच्या आकांतानं ती सोडवत होते. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा. रोशेलचा श्वास उथळ, भराभर.

माणसांनो, तुमच्याकडे एकच मागणं आहे. शिट्टी वाजली की वाजतेच, असं म्हणू नका. मोजा. चुकलंमाकलं असलं तरी मोजा.

पाचव्यांदा थुईनं सगळा श्वास माझ्यात ओतला. दोन. तीन. पाच. मग तिनं रोशेलचा हात धरला आणि दोघी, म्हणजे ती आणि मी, कान लावून बसलो.

शाळेमागून एक भोंगा वाजला. जाडा, घसा बसलेला. बसचा.

साडेपाच झाले? निघाल्या की काय मिस अर्लीन?

दुसरा. तिसरा. रस्त्यात कुणी आडवं आलं असेल. चौथा, पाचवा. मग शांतता, आणि थुईच्या घामेजल्या मुठीत मी गार पडले.

सहा.

"अजून एक," थुई पुटपुटली. "मिस अर्लीन, प्लीज, अजून एक."

सात.