मी सरकलो नव्हतो

मित्रांनो, गोष्ट सुरू करण्याआधी एक सांगून टाकतो, नाहीतर ते माझ्या पोटात राहायचं, आणि पोटाच्या जागी मला आहे नुसतं भोक. मी सरकलो नव्हतो. केसभरही नाही.

मी सूक्ष्मदर्शकाचा एक जुना पाट आहे. भिंगाखाली जी काळी, चौकोनी, जाडजूड पट्टी असते, जिच्यावर काचेची बशी ठेवतात, तो मी. सूक्ष्मदर्शक म्हटलं की सगळ्यांना भिंग आठवतं. भिंगाला मऊ कापड काय, भिंगाला टोपी काय, लाडच लाड! पाटाकडे कोण बघतंय? माझ्याकडे बघायचंच नसतं, माझ्यातून बघायचं असतं. मधल्या गोल भोकातून उजेड जातो, तेवढंच माझं सौंदर्य.

ज्या कारागिराने मला घडवलं, त्याने मला घासून घासून इतकं सपाट केलं की माझ्यावर पडलेल्या पाण्याच्या थेंबालाही कुठे ओघळावं ते कळेना. मग मला थोपटून तो म्हणाला, "तुला एकच काम. हलायचं नाही." हसू नका. न हलणं वाटतं तेवढं सोपं नसतं. तुमच्या वर्गात पाच मिनिटं करून बघा.

माझ्यावर कितीतरी जणांनी बश्या ठेवल्या आणि उचलल्या. मग आली ताई. ती मोठ्या पदवीसाठी शिकत होती, आणि तिचं काम ऐकाल तर चक्रावून जाल. बशीत जिवंत पेशी असत, नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या. कॅमेरा थोड्या थोड्या वेळाने त्यांचा फोटो काढी. मग ताई पडद्यासमोर बसून शोधी, की पहिल्या फोटोतली ही पेशी दुसऱ्या फोटोत कुठे गेली, तिसऱ्यात कुठे. आणि एक-दोन नाही, शेकडो पेशी! शाळा सुटल्यावर फाटकातून लोंढा बाहेर पडतो, सगळ्यांचा गणवेश एकसारखा, आणि त्यात आपली बहीण शोधायची, तसंच ते. ताई प्रत्येकीला नंबर द्यायची, तिच्या वाटेवर रंगीत रेघ ओढायची. काहींना तर नावंही होती. एक आळशी होती, एक भटकभवानी. दोघी एकमेकींवर चढून पुन्हा वेगळ्या झाल्या की ताई कपाळावर हात मारायची. "आता यातली आळशी कोण गं बाई? मागे चल, मागच्या फोटोत बघू." एखादीच्या दोन झाल्या की म्हणायची, "झाल्या जुळ्या. वाढवा माझं काम."

हे सगळं चालायचं कशाच्या जोरावर? माझ्या. पाटच हलला तर पेशी चालली की पाट चालला, कसं कळणार? म्हणून ताई बशीच्या तळाला मुद्दाम एक बारीक ओरखडा काढून ठेवी. पेशी चालतात, ओरखडा चालत नाही. सगळ्या फोटोंत तो एकाच जागी दिसला की ती माझ्या कडेवर टिचकी मारी आणि म्हणे, "वा रे माझ्या पहाडा." पहाड! बोटभर जाडीच्या पट्टीला! त्या एका शब्दावर मी दिवसच्या दिवस ताठ राहायचो.

पेशींना आपल्या अंगाइतकी ऊब लागते, म्हणून माझ्याभोवती एक पारदर्शक पेटी होती. फोटो चालू असताना तिचं दार उघडायचं नाही, असा सरांचा नियम होता. सर म्हणजे ताईचे मार्गदर्शक. दार उघडलं तर पेशी गारठतात, मंदावतात, आणि मग ते सगळे फोटो फेकून द्यावे लागतात. ताईला तर नेमकं हेच बघायचं होतं, की एका औषधाने पेशी मंदावतात का. त्या दुपारी औषध घातलेल्या पेशींचे फोटो चालू होते, आणि या यंत्रावरची ही तिची शेवटची पाळी होती. तिच्यानंतर रांगेत एक दादा होता. आता हे फोटो वाया गेले तर पदवी आणखी एक वर्ष लांबणार.

आणि नेमकी त्याच दुपारी तिची आई आली. पहिल्यांदाच.

"हे तुझं ऑफिस?"

"ऑफिस नाही गं, प्रयोगशाळा."

ताईने पडद्यावरच्या रेघा दाखवल्या. आईने मान तिरकी केली. "हा तर लोकरीचा गुंता झालाय. खऱ्या पेशी कुठायत?"

"पेटीत आहेत. पण तुला दिसायच्या नाहीत."

"म्हणजे न बघताच जाऊ? शेजारच्या मावशींना काय सांगू, मुलगी दिवसभर काचेत बघते, काय बघते ते देव जाणे?"

ताई हसली. आणि तिने दार उघडलं.

गार हवा आत शिरली. आई पदर सावरत वाकली. "कुठं गं?" ताईने बोट पुढे केलं, "ही काय, या बशीत," आणि बोटाचा धक्का लागून बशी माझ्यावरून जराशी ढळली. बशी, मित्रांनो. मी नव्हे.

"मला तर पाणीच दिसतंय," आई म्हणाली, "पण तू म्हणतेस तर असतील." तिने ताईच्या डोक्यावरून हात फिरवला आणि घरच्या गप्पा निघाल्या. दार तसंच उघडं राहिलं. खरं सांगू? मलाही छान वाटत होतं. आई आल्यावर कुणाला दाराची आठवण राहते?

पुढच्या आठवड्यात ताईचे फोटो बघायला सर आणि प्रयोगशाळेतले सगळे त्याच खोलीत जमले. भिंतीवर फोटो भराभर सरकू लागले, आणि मध्येच सगळ्या पेशी एका झटक्यात डावीकडे गेल्या. बरोबर ओरखडाही.

"थांबव," सर म्हणाले. "ओरखडा कसा सरकला? दार उघडलं होतं का कुणी?"

मला वाटलं, ताई आता सांगेल. ती माझ्याकडेच बघत होती.

"नाही सर. पाट जुना झालाय. मधूनच सरकतो."

"आजवर तर कधी सरकला नाही."

"आता सरकायला लागलाय."

सरांनी सुस्कारा सोडला. "मग ठीक आहे. ओरखड्यावर ओरखडा ठेवून फोटो जुळवून घे. पेशींना तर धक्का नाही लागला. दार उघडलं असतं तर सगळं फेकावं लागलं असतं. आणि या म्हाताऱ्याला बदलून टाका."

सरकणं माफ होतं, गारठणं माफ नव्हतं. म्हणून सरकलो मी. मला कुणी तपासलंसुद्धा नाही. चार स्क्रू फिरले आणि माझ्या जागी चकचकीत, विजेवर चालणारा पाट बसला. ज्या भिंगाखाली मी आयुष्य काढलं, त्यानेही हूं की चूं केलं नाही.

पेशी मंदावलेल्या दिसल्या. ताईला पदवी मिळाली, टाळ्याही मिळाल्या. पण त्या औषधाने मंदावल्या की गारठ्याने, हे आता कुणालाच सांगता यायचं नाही.

मी आता ताईच्या टेबलावर असतो. माझ्या भोकात तिचा चहाचा कप चपखल बसतो. जिथून उजेड जायचा, त्या भोकाच्या कडेला आता चहाचा डाग आहे.

एका संध्याकाळी सगळे गेल्यावर तिने कप उचलला, ओढणीच्या टोकाने तो डाग पुसला आणि हळूच म्हणाली, "पहाडा, माफ कर रे. माझाच हात लागला होता." पहाड! किती दिवसांनी! लोखंडाला पाझर फुटत असता तर मला तेव्हा फुटला असता.

तेवढ्यात रांगेतला दादा आत आला. "कुणाशी बोलतेस गं?"

"कुणाशी नाही," ताई म्हणाली, आणि तिने कप परत माझ्यावर ठेवला.

मित्रांनो, चूक तुमच्याही हातून होईल. आईला काही दाखवण्याच्या नादात तर नक्कीच होईल. पण ती मुक्या वस्तूच्या माथी मारू नका. आणि मारलीतच, तर आरोप जिथे केला होता तिथेच जाऊन माफी मागा, तेवढ्याच माणसांसमोर, तेवढ्याच आवाजात. आम्हाला कोपऱ्यातली माफीही ऐकू येते, पण तिने आमची जागा परत मिळत नाही.

ताई कधीतरी सरांकडे जाईल म्हणून मी वाट बघतो आहे. कप अंगावर घेऊन, न हलता. तेवढं एकच काम मला येतं.