पसियाच्या बाटलीतली गोळी

मित्रांनो, रेल्वे क्वार्टरच्या मागच्या ओट्यावर, खराट्याला टेकून, एक चेपलेली ॲल्युमिनियमची बाटली उभी असते. ती मी. माझं झाकण कधीच हरवलं. आता माझ्यात फिनेल भरतात. पण एके काळी मी शर्यतीच्या सायकलवर बसून वारा प्यायलेली आहे.

माझा जन्म पंजाबातल्या एका कारखान्यात झाला. तिथून गवतात गुंडाळून मला रायपूरला आणलं आणि गुढियारीत हिरालालच्या सायकल दुकानात सुतळीने टांगलं. तिथे मी बरीच वर्षं लोंबकळत होते. गुढियारीतल्या सायकली तांदळाची पोती वाहायच्या. त्यांना पाण्याच्या बाटलीचं काय कौतुक? मग नवं राज्य झालं. रायपूर राजधानी झाली, रस्ते रुंद झाले, आणि आपल्या राज्याचे खेळांचे आपले संघ निघणार, असं जो तो बोलू लागला. तेव्हा मारोती दुकानात आला. तो रेल्वेच्या मालधक्क्यावर हमाल होता. मुलीसाठी त्याने मला सुतळीवरून उतरवून घेतलं.

मुलगी कौमुदी. सतरा वर्षांची, लांब पायांची, हट्टी. तिची आई भीमाबाई वर्ध्याकडची. पण पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बायांकडून ती इथली रीत शिकली होती. रात्री भात पाण्यात भिजत घालायचा आणि सकाळी ते पाणी गाळून घ्यायचं. त्याला पसिया म्हणतात. चिमूटभर मीठ घालून ती पसिया माझ्यात भरायची आणि म्हणायची, “नुसत्या पाण्यात काय दम असते? हे पी, ऊन लागत नाही.” भीमाबाईचं हृदय अशक्त होतं, पाय सुजायचे. समता कॉलनीतल्या डॉक्टरांनी तिला अंगातलं पाणी लघवीवाटे काढणारी बारीक पांढरी गोळी दिली होती. त्या गोळ्यांची डबी कोनाड्यात मिठाच्या बरणीशेजारीच असायची.

ते दिवस माझ्या सुखाचे. तेलीबांधा तलावाच्या रस्त्यावर कौमुदी मुलांना मागे टाकायची, एका हाताने मला उपसायची, दोन घोट घ्यायची आणि न बघता परत जागेवर ठेवायची. लोक थांबून बघायचे.

मग शेखर आला. रायपुरातल्या जुन्या मराठी घरातला, गोड जिभेचा. पोरं त्याला शेखरभैया म्हणत. तो कौमुदीला शिकवू लागला आणि म्हणाला, “राज्याच्या पहिल्या टीममध्ये चार पोरी घेणार. त्यात आलीस की रेल्वेत नोकरी. बापाच्या पाठीवरचं पोतं उतरलं समज.” त्या एका गोष्टीसाठी कौमुदी काहीही करायला तयार होती. शेखरने दिलेल्या ताकदीच्या सुया तिने घेतल्या. दोन महिने. चढावर तिचे पाय थकेनासे झाले. तोंडावर पुळ्या उठल्या, आवाज जाड झाला. भीमाबाई तिला ज्येष्ठमध चघळायला द्यायची. “उन्हात फिरून राहिली पोट्टी, घसा बसला तिचा.”

निवड चाचणीच्या चार दिवस आधी कळलं की दिल्लीहून तपासणीवाले येणार, पहिल्या चौघींची लघवी नेणार. शेखरने कौमुदीला बाजूला घेतलं. मी तिच्या हातात होते.

“तुझ्या आईचे पाय सुजतात ना? ती गोळी खाते, त्यातल्या दोन आण.”

“मायच्या गोळ्या? काहून?”

“पाणी निघून जाते. त्याबरोबर सुईही धुऊन निघते. काही दिसत नाही.”

“आणि गोळीच दिसली तर?”

“म्हाताऱ्यांची गोळी आहे ती. कोण बघते तिले?”

चाचणीच्या सकाळी भीमाबाईने नेहमीसारखा पसिया भरला आणि माझं झाकण पदराने पुसलं. शर्यत सुरू व्हायच्या आधी एका झाडामागे कौमुदीने त्यात गोळ्यांची पूड टाकली, मला हलवलं आणि प्यायली. मित्रांनो, मला बाटलीचं तोंड आहे, ते मिटून घेता येत नाही.

ती दुसरी आली. मारोतीने तिला भर रस्त्यात खांद्यावर घेतलं.

महिन्याभराने तपासणीवाल्यांचं पत्र आलं. सुई सापडली नव्हती. गोळी सापडली होती. चोरी लपवायलाच लोक ती गोळी घेतात, म्हणून तिलाही बंदी असते, एवढं शेखरला ठाऊक नव्हतं. पण पुढचं त्याला लगेच सुचलं. “आईच्या हातून पडली म्हण. मीठ घालताना. चूक आहे म्हटल्यावर माफ करतात.”

कौमुदी घरी आली. मी चुलीजवळ पालथी होते. आई तांदूळ निवडत होती.

“माय, त्या दिवशी मीठ टाकताना तुही गोळी बाटलीत पडली असन.”

भीमाबाईचे हात थांबले. तिने कोनाड्याकडे पाहिलं.

“चष्मा नव्हता लावला मी,” ती म्हणाली. “पडली असन. माह्याच हातून पडली असन.”

चौकशीच्या समितीपुढे ती लुगड्याचा पदर सावरत उभी राहिली आणि सगळा दोष तिने आपल्याकडे घेतला. ती खोटं बोलत नव्हती. तिला ते खरंच वाटत होतं. समितीने तिचं लिहून घेतलं, अंगठा घेतला. गोळी पोटात गेली हे घरच्यांनीच कबूल केलं, मग पुढे तपासायचं काय उरलं? कौमुदीला दोन वर्षं बंदी झाली. शेखरचं नावही निघालं नाही. पुढच्या वर्षी त्याचा सत्कार झाला, शाल आणि श्रीफळ.

नळावर बाया म्हणू लागल्या, “भीमाबाई, चाय पिलाओगी? गोली तो नहीं डालोगी?” आणि हसायच्या. हळदीकुंकवाला तिच्या हातचं कुणी खाईना. मारोती तिच्याशी बोलेनासा झाला. ताट ठेवलं की जेवायचा, एवढंच.

भीमाबाईने गोळ्यांची डबी नालीत रिकामी केली. “या गोळीनं माह्या पोरीचं वाटोळं केलं. मले नको.” तिचे पाय फुगले. मग पोट फुगलं. आडवं झालं की तिला श्वास पुरेना, म्हणून ती भिंतीला टेकून बसून असायची. कौमुदी तिचे पाय चेपायची. बोट दाबलं की कातडीत खड्डा राहायचा. ती तो खड्डा बघत बसायची. दोनदा तिचे ओठ हलले. पण बंदी उठली की नोकरी लावून देतो, असं शेखरने सांगितलं होतं, आणि खरं बोललं तर सुयाही बाहेर आल्या असत्या.

एका दुपारी भीमाबाईने लेकीचा हात धरला. शब्द तुटत होते.

“पोट्टी, तुहं नशीब मीच फोडलं. मले माफ करशील?”

कौमुदीने तिच्या कपाळावरचे केस मागे सारले.

“जाऊ दे, माय. मी केलं माफ.”

भीमाबाईचा चेहरा निवला. चार दिवसांनी ती गेली.

मित्रांनो, कौमुदीला नोकरी लागली. या क्वार्टरमध्ये ती राहते, सगळे तिला मान देतात. मला घासून ठेवा, उन्हात टाकू नका, असं तुम्हाला सांगावं म्हणून मी बोलायला बसले होते. पण बाटली चेपली तरी काही बिघडत नाही. तुमचा गुन्हा कुणी आपला समजून उचलला असेल, तर ते माणूस ऐकू शकतं आहे तोवर त्याच्याजवळ जा आणि सांगा. मी त्या चुलीजवळ होते. मला सगळं माहीत होतं आणि मला वाचा नव्हती. कौमुदीला होती, आणि तिने ती माफ करायला वापरली.