उषाबाईच्या हाताचा गुण

टेंभुर्णीत उषाबाईच्या हाताचं मोठं नाव. कुणाची मान धरो, कुणाचा पाय मुरगळो, तिनं कोमट तेलाचा हात फिरवला की माणूस उठून कामाला लागलंच समजा. मंग पोटची लेक तृप्ती सिझर होऊन माहेरी आली, तेव्हा तर विचारूच नका. दवाखान्यातून निघताना नर्सनं बजावलं होतं, हिला रोज थोडं चालवा. पण बाळंतिणीनं पाय खाली टेकवायचा न्हाई म्हणजे न्हाई, हा उषाबाईचा कायदा. तृप्ती आपली दिवसरात्र बाजेवर, खाली शेगडीची धग.

पडून पडून तिची डावी पोटरी सुजली, तापली. गावातल्या डॉक्टरनं पाय बघितला अन् त्याचा चेहराच उतरला. शिरेत रक्ताची गाठ झालेली दिसते, जल्दी जालन्याला न्या आणि पायाला बिलकुल हात लावू नका, असं त्यानं दोनदा सांगितलं. जावई कल्याण तसाच गाडी बघायला पळाला.

इकडं तृप्ती कण्हत होती. आता सांगा, लेक कळवळून राह्यली अन् आईनं हात बांधून बसायचं? गाठ म्हणजे चोळून मोकळी करायची, एवढंच तिला ठाऊक. तिनं तेल कोमट केलं आणि टाचेकडून गुडघ्याकडं दाबून दाबून पाय चोळला.

"आई, हलकं वाटून राह्यलं गं," तृप्ती म्हणाली.

गाडी दारात आली तशी ती उठून उभी राहिली, अन् छाती धरून खाली बसली. ओठ काळेनिळे पडले. जालन्याच्या वाटेवरच ती गेली.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. पायातली गाठ सुटून रक्ताबरोबर वर गेली आणि फुफ्फुसात अडकली. पाय कुणी चोळला होता का, असंही त्यांनी विचारलं. उषाबाई तेलकट बोटं पदराला पुसत राहिली. कल्याणच म्हणाला, न्हाई मॅडम, डॉक्टरनं सांगितलं होतं ना, कोण चोळील?

दहावा उरकला. तृप्तीचं लेकरू कुणाकडंच थांबेना. कल्याणनं ते उषाबाईच्या मांडीवर आणून ठेवलं आणि तेलाची वाटी जवळ सरकवली.

"मामी, याला तुम्हीच मालिश करा. तृप्तीला तुमच्याच हाताचा गुण यायचा."

उषाबाईनं दोन्ही हात पदराखाली घेतले. लेकरू मांडीवर पाय झाडून रडत राहिलं, पण त्याला उचलून छातीशी धरायचासुद्धा तिला धीर होईना.