कितिओनेच्या भिंतीवरची चटई

मित्रांनो, मी एक जुनी चटई आहे. केवड्याच्या पानांची, पॅसिफिक महासागरातल्या टोंगा बेटांवरच्या बायकांनी विणलेली. माझा जन्म

थांबा. कोंबडा आरवला.

पुन्हा.

मित्रांनो, मी एक जुनी चटई आहे. पानं उकळली, समुद्रात भिजत घातली, उन्हात वाळवली, मग बायकांनी मांडी घालून, एकमेकींच्या सुनांना नावं ठेवत

थांबा. ट्रक गेला.

माफ करा. ही खोड मला कितिओनेच्या खोलीत लागली. तिथे बाहेर जरा खुट्ट झालं की सगळं थांबायचं आणि पहिल्यापासून सुरू व्हायचं. त्यामुळे मला माझं आयुष्य सलग सांगताच येत नाही. याचा मला फार त्रास होतो.

पुन्हा.

मला कधी कुणी विकत घेतलं नाही. मी दिली जाते. लग्न असो, मयत असो, मला चारचौघांत उलगडतात. म्हाताऱ्या बोटं फिरवून म्हणतात, "काय बारीक वीण आहे." मग मी दुसऱ्या घरी जाते. दोन प्रसंगांच्या मधला काळ पलंगाखाली, डांबराच्या गोळ्यांच्या वासात. तक्रार नाही. मानाच्या चटईचं जगणं असंच असतं.

मग मी तेव्हा ज्या घरात होते तिथला मुलगा, कितिओने, ऑस्ट्रेलियातून द्राक्षं तोडायचं हंगामी काम करून परत आला. येताना कपडे आणले नाहीत, एक माइक आणला. आणि घरामागची कोनफळं ठेवायची खोली रिकामी करायला लागला.

"कोनफळं कुठे ठेवू, तुझ्या डोक्यावर?" आईने विचारलं.

"ओट्यावर ठेव. इथे स्टुडिओ होणार."

कारण त्याची धाकटी बहीण. तिचं नाव मेलेआने, ती गाणी रचते, प्रेमाची, फुलांच्या माळांची. रेडिओवरच्या बाईंना तिचं एक गाणं आवडलं होतं. पण त्या म्हणाल्या, फोनवर घेतलेलं चालणार नाही, स्वच्छ रेकॉर्डिंग आणा. आणि मेलेआने नाताळाआधी ऑकलंडला जाणार होती, म्हाताऱ्यांची शुश्रूषा करायच्या नोकरीवर. तिथून कोण कधी परत येतं? म्हणून गाणं त्याआधी व्हायला हवं होतं.

कितिओनेने भिंतींना आतून फळ्या मारल्या आणि मधल्या पोकळीत नारळाचा काथ्या ठासला. काथ्यात मुंग्या झाल्या. काथ्या काढला, मुंग्या घालवल्या, काथ्या परत भरला. पत्र्यावर पाऊस वाजतो म्हणून खाली दुसरं छत केलं. ते वाकलं. रविवारी तर हातोडीला हात लावायची सोय नाही. सगळं गाव प्रार्थनेला आणि हा प्रार्थनेत बसून छताकडे बघतोय.

शिवाय डुक्कर. ते रोज येऊन नेमकं त्याच भिंतीला अंग घासायचं.

"आई, हाकल ना त्याला."

"तुझ्या आत्याचं आहे ते. तूच हाकल."

कितिओने परत फळीकडे वळला. आमच्याकडे आत्या म्हणजे सगळ्यांच्या वर. भावाच्या घरातलं तिने काहीही उचलावं, भावाने खाली बघावं. तिच्या डुकरालासुद्धा कुणी दगड मारत नाही.

शेवटी खोली झाली. कितिओनेने मधोमध उभं राहून टाळी वाजवली. टाळी अशी घुमली, जशी रिकाम्या पाण्याच्या टाकीत वाजवावी. तो खाली बसला आणि बराच वेळ उठलाच नाही.

मग त्याला आम्ही, पलंगाखालच्या चटया, आठवलो.

"आत्याला विचारलंस?" आई म्हणाली.

"भिंतीला लावायच्या आहेत, खायच्या नाहीत."

मित्रांनो, त्याने मला खिळे मारले. मला. जिच्यावर चहाचा कप ठेवायलाही लोक बिचकतात, तिला चारी कोपऱ्यांत खिळे. माझ्या मागे आणखी चटयांचे थर, आणि मी सगळ्यांत पुढे, भिंतीला चिकटलेल्या पालीसारखी. संतापाने माझी पानं कुरकुरत होती आणि तो म्हणत होता, "ही चटई आवाज करतेय."

पण पुढची टाळी वाजली आणि जागच्या जागी विरली. खोटं कशाला बोलू, तेव्हा मला जरा बरं वाटलं.

मेलेआनेने आत उभं राहून चाचणीसाठी एक प्रार्थना म्हटली. मग रोज चाचण्या; चाचणीला ती नेहमी प्रार्थनाच म्हणायची, आणि बाहेर कोंबडा आरवला की थांबून पहिल्यापासून. कितिओने कानाला हेडफोन लावून दाराशी, तिच्याकडे पाठ करून बसायचा. "दादाला सांग, आई," ती दाराबाहेरच्या आईला म्हणाली, कारण वयात आलेले भाऊबहीण आमच्याकडे एकमेकांशी थेट फारसं बोलत नाहीत, "कोनफळांच्या वासात गायला छान वाटतं."

आणि एका दुपारी लोसालिने आत्या आपलं डुक्कर शोधत आली. तिने दारातून आत पाहिलं.

"हे काय आहे?"

"आवाज घुमू नये म्हणून, आत्या."

"माझ्या वडिलांच्या मयतात ही अंथरली होती."

"मला ठाऊक नव्हतं."

"खिळे काढ."

त्याने काढले. आई म्हणाली, "न्या वन्सं, सगळ्या तुमच्याच आहेत." मला गुंडाळून, काखेत घालून आत्या बाकीच्या चटयांसकट घरी घेऊन गेली. मागे खोली पुन्हा टाकीसारखी घुमायला लागली. कितिओनेने आमच्या जागी गादी उभी केली. गादी पडली. परत उभी केली, परत पडली. म्हणे, त्याने गादीला लाथ मारली आणि मग आईला म्हणाला, "आण तुझी कोनफळं." मेलेआनेचं सामान तोवर बांधून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी तो आत्याकडे आला. भाजलेलं कोनफळ आणि डब्यातलं मांस पुढे ठेवून उंबऱ्यापाशी बसला, मान तिच्या मानेपेक्षा खाली ठेवून.

"चटई हवी होती, आत्या. गाणं होईपर्यंतच."

"समज, चटई नेलीस. दार लावलंस. आत कोण?"

"मेलेआने."

"आणि?"

"मी. बटणं दाबायला."

"ते कानाला लावून?"

"लावावंच लागतं."

"आणि गाणं कुठलं?"

त्याचे कान लाल झाले. आमच्यात भाऊ आणि बहीण एका खोलीत प्रेमाचं गाणं ऐकत नाहीत. लागलं तर एक जण उठून जातो. हे त्याला बोलायला लागायच्या आधीपासून ठाऊक. आणि हा तिला बंद खोलीत उभी करून तिचं तसलं गाणं स्वतःच्या कानात घालून घेणार होता. मुंग्यांचा विचार केला, पावसाचा केला, याचा नाही. सगळ्या चाचण्या प्रार्थनेवर झाल्या ना. मला इतका राग आला की मी भिंतीवर असते तर त्याच्या डोक्यात पडले असते, पण मी गुंडाळलेली होते.

"दुसरं कुणी?" आत्याने विचारलं.

"बटणं कळणारी सगळी पोरं तिचे चुलत-मावस भाऊच आहेत."

"म्हणजे भाऊच." आत्याने मांसाचा डबा जवळ ओढला. "मी बसते."

"तुम्हाला ते जमेल..."

"या घरात टीव्ही कोण लावतं?"

आत्याने अट घातली, माझ्यावर खिळा नाही. बाकीच्या चटया दोरीवर टांगल्या आणि मला खाली अंथरून ती स्वतः वर बसली. कितिओनेने तिला बटणं दाखवली, हेडफोन तिच्या अंबाड्यावरून नीट बसवला आणि लांब फणसाच्या झाडाखाली जाऊन पाठ करून बसला. स्वतःच्या हाताने बांधलेल्या खोलीबाहेर. डुकरं मात्र हाकलली, आत्याचंही. परवानगी मिळाली होती.

मेलेआने गायला लागली. पहिलं कडवं सुरेख झालं. दुसऱ्यात आत्या गुणगुणायला लागली. खालच्या पट्टीत, डोळे मिटून, माइकपासून हातभर अंतरावर. मेलेआनेने तिच्याकडे पाहिलं. आत्याला गप्प कोण करणार? ती गालात हसली आणि पुढे गात राहिली.

कितिओनेने ते रेकॉर्डिंग न ऐकताच रेडिओला पाठवलं. मेलेआने त्याच आठवड्यात गेली.

काही दिवसांनी कितिओने आत्याच्या खिडकीला जाळी बसवायला आला होता. रेडिओ चालू होता. निवेदिकेने मेलेआनेचं नाव घेतलं, गिटार वाजली. त्याने जाळी खाली ठेवली आणि दाराकडे निघाला.

"कुठे चाललास?"

"गाणं लागलंय, आत्या."

"ती ऑकलंडला आहे रे. बस."

तो माझ्या काठावर बसला. आधी अवघडून, मग नीट. दुसऱ्या कडव्यात त्याची मान वर झाली. त्याने आत्याकडे पाहिलं. आत्या मासा साफ करत होती.

"हा दुसरा आवाज..."

"काय त्याचं?"

"काही नाही," तो म्हणाला. "छान आहे." आणि तोंड फिरवून त्याने माझ्या विणीवर तळहात ठेवला. गाणं संपेपर्यंत उचलला नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी जुनी चटई असेल तर तिला अधूनमधून ऊन दाखवा, ओल धरू देऊ नका. खिळा मारण्याआधी, ती कुणाची आहे ते विचारा. आणि कुणी घाम गाळून खोली बांधली असेल, तर त्याला झाडाखाली विसरू नका. एकदा तरी बोलावून, शेजारी बसवून ऐकवा.