चॉकलेटी अभ्रे

"कोण बसला होता हितं?"

विश्रामनं गाडीच्या दारातूनच आवाज टाकला. रविवारची सकाळ होती. अंगणात गाडीची चारही दारं उघडी होती आणि तो ड्रायव्हरच्या सीटपाशी गुडघे टेकून बसला होता, एका हातात दात घासायचा जुना ब्रश, शेजारी साबणाच्या पाण्याचा तांब्या. पाठ टेकायच्या जागी, खांद्यांच्या जरा खाली, वीतभर फिकट गुलाबी डाग. मागच्या रविवारी त्यानं तो घासून घालवला होता. त्याच्या मागच्या रविवारीही घालवला होता.

घरातून कुणी बाहेर आलं नाही. बेटेगावच्या त्या घरात या प्रश्नाला आता उत्तर द्यायचं नाही, असं सगळ्यांनी न बोलताच ठरवून टाकलं होतं.

गाडी घेऊन पाच महिने झाले होते. जुनीच होती, एका निवृत्त साहेबांची, पण आत बसलं की नवी वाटायची, कारण साहेबांनी सीटचं कापड जिवापाड जपलं होतं. दुधावरच्या सायीच्या रंगाचं कापड. यावर रेक्झिन चढवू नका, उन्हाळ्यात भाजतं, कापड जपा, असं साहेबांनी किल्ली देताना सांगितलं, आणि विश्रामनं ते गुरुमंत्रासारखं कानात साठवलं. बोईसरला बबलूच्या दुकानात जाऊन त्यानं सीटवर पाणी न मुरायच्या औषधाचा फवारा मारून घेतला. घरी आल्यावर सगळ्यांना गोळा करून चमच्यानं पाणी टाकून थेंब कसा घरंगळतो ते दाखवलं. मग नियम सुरू झाले. गाडीत काही खायचं नाही. डोक्याला तेल लावून टेकायचं नाही. पाय झाडल्याशिवाय आत नाही. मासळी तर नाहीच नाही. एकदा दांडीहून बोंबील आणि कोलंबी घेऊन यायचं होतं, तर या गृहस्थानं दमयंतीला, म्हणजे सख्ख्या बायकोला, टोपलीसकट रिक्षात बसवलं आणि स्वतः रिकामी गाडी घेऊन रिक्षाच्या मागं मागं घरापर्यंत आला. पुढे आठवडाभर गावाला दुसरा विषय नव्हता.

हे सगळं कीर्तीसाठी चाललं होतं. विश्रामचं लग्न झालं तेव्हा दमयंती भांड्यांच्या टेम्पोत बसून सासरी आली होती. तेव्हापासून त्यानं तारापूरच्या एका रंगाच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं काढली, आधी सायकलवर, मग कंपनीच्या बसमधून. कीर्ती शाळेत असतानाच त्यानं बोलून ठेवलं होतं की माझी पोर मांडवात जाईल ती बापाच्या गाडीतून, भाड्याच्या नाही. आता तिचं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. हॉल पालघरला होता. पिवळी साडी नेसून ती याच गाडीत बसणार होती, आणि गाडीत कुठून तरी गुलाबी रंग उमटत होता. आज पुढच्या सीटवर आहे, उद्या मागच्या सीटवर उमटला तर? नवरीच्या साडीला डाग म्हणजे माणसं आयुष्यभर तेच काढत बसतात. विश्रामची झोप उडाली होती.

संशयाच्या फेऱ्यातून कुणी सुटलं नाही. मुलाचे, धीरजचे, मित्र गुलाल लावून बसले असतील. दमयंतीचं कुंकू असेल. शेजारच्या चिंधूनं पान खाऊन खिडकीतून डोकं घातलं असेल. धीरज एकदा वैतागून म्हणाला, की त्या सीटवर तुमच्याशिवाय बसतो कोण, किल्ली तरी देता का कुणाला? उलट बोलू नकोस, एवढंच उत्तर त्याला मिळालं. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची ठरल्यावर संन्याशानं काय बोलायचं.

त्यातच दमयंतीनं लग्नाच्या पाहुण्यांसाठी उशांचे अभ्रे आणले, तेही पुन्हा चॉकलेटी. घरातला प्रत्येक अभ्रा चॉकलेटी होता, नाहीतर मरून. लोकांच्या घरी कसे पांढरेशुभ्र, कोपऱ्यात फुलं काढलेले अभ्रे असतात. "घर हाय का लॉज?" विश्रामनं विचारलं. दमयंतीनं अभ्र्यांची घडी घातली आणि कपाटात ठेवून दिले.

शेवटी त्याच संतापात तो गाडी घेऊन बबलूकडे गेला. फवारा भेसळीचा होता, औषधातूनच रंग सुटतोय, असं तो रस्ताभर मनाशी घोकत होता. एप्रिलचं ऊन, आणि एसी पेट्रोल पितो म्हणून बंद. दुकानात उतरला तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता.

बबलू त्याचं सगळं ओरडणं ऐकत उभा राहिला. मग पांढरं फडकं ओलं करून त्यानं सीट पुसली. फडक्यावर गुलाबी रंग आला. त्यानं शेजारची सीट पुसली, मागची पुसली. फडकं पांढरंच राहिलं. मग फडक्याची कोरी बाजू वर करून विश्रामपुढे धरली आणि अगदी हळू म्हणाला, "काका, बुरा मत मानना. एक बार अपनी गर्दन पोंछिए."

विश्रामनं मान पुसली. फडक्यावर तोच रंग होता.

आधीच्या वर्षांत असं व्हायचं, हे त्याला माहीत होतं. रंगाची पूड दळायच्या खात्यात असताना आंघोळीला दोन-दोन साबण लागायचे, तरी बनियन गुलाबी व्हायचे. पण चार वर्षांपूर्वी त्याला पॅकिंगला घेतलं होतं. त्यानंतर एक दिवस दमयंतीच म्हणाली होती की आता रंग सुटत नाही, आणि त्यानं सुटकेचा निःश्वास टाकला होता. ज्या माणसानं जन्मात स्वतःचा बनियन धुतला नाही, त्याला खरंखोटं कळणार कसं? काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथं कळसा कातड्याच्या आत होता. बबलूनं सीट मुकाट्यानं धुऊन दिली आणि पैसे घेतले नाहीत. विश्रामला त्याचाच जास्त राग आला.

घरी आल्यावर तो सरळ मागच्या अंगणात गेला. तिथल्या दोरीकडे तो कधी फिरकत नसे. दोरीच्या एका टोकाला घरातले कपडे, आणि दुसऱ्या टोकाला, हातभर जागा सोडून, फक्त त्याचे. बनियन घासून घासून विरले होते, तरी काखेत आणि पाठीवर गुलाबीच होते. दमयंती मागं येऊन उभी राहिली.

"मला सांगितलं का नाय?"

"काय करणार व्हता तुमी सांगून?" ती म्हणाली. "नोकरी सोडणार व्हता? पोरं शिकत व्हती."

"आनि ते अभ्रे?"

"त्याच्यावर दिसत नाय."

एवढा राग घेऊन विश्राम आला होता, आणि आता तो ठेवायला जागाच नव्हती. चिंधूवर, धीरजवर, बबलूवर काढलेला सगळा राग आठवून त्याला लाज वाटली. मग रिक्षात टोपली मांडीवर घेऊन बसलेली दमयंती आठवली आणि तो तिथंच पायरीवर बसला.

लग्नाच्या सकाळी कीर्ती पिवळी साडी नेसून तयार झाली तेव्हा विश्रामनं किल्ली धीरजपुढे केली. दमयंतीनं ती मधेच घेतली आणि नवऱ्याच्या हातात परत दिली. मग तिनं एका नव्या चॉकलेटी अभ्र्याची शिवण उसवली आणि तो ड्रायव्हरच्या सीटच्या पाठीवर वरून चढवला. अगदी मापाचा बसला. तरीसुद्धा बेटेगावपासून पालघरपर्यंत विश्राम पाठ न टेकता, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा ताठ बसून गाडी चालवत राहिला. दमयंतीनं दोनदा टेका म्हणून सांगितलं. मागच्या सीटवरून कीर्ती त्याची पाठ बघत होती.

लग्न लागलं, जेवणं झाली. शालूत घाम येतो म्हणून निघताना कीर्तीनं पुन्हा पिवळीच साडी नेसली. हॉलबाहेर ती वाकून बापाच्या पाया पडली. विश्रामनं बोटांची टोकं तिच्या केसांना लावली न लावली आणि अर्धं पाऊल मागं सरकला. नवा सदरा कधीचाच ओला झाला होता.

"साडीला लागंल," तो म्हणाला.

"लागू दे, बाबा."

तिनं दोन्ही हातांनी त्याला घट्ट धरलं आणि त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. विश्रामचे हात आधी हवेतच राहिले. मग त्यानं तिला जवळ घेतलं, लहानपणी घ्यायचा तसं, आणि तोही रडला.

ती बाजूला झाली तेव्हा खांद्याजवळ, पिवळ्यावर, पुसट गुलाबी उमटलं होतं. दमयंती सवयीनं ओला रुमाल घेऊन पुढं आली. कीर्तीनं तिचा हात धरला. "ऱ्हाऊ दे, आई," एवढंच म्हणाली, आणि पदर जसा होता तसाच ठेवून नवऱ्याच्या गाडीत जाऊन बसली.

धीरज हॉलचं सामान आवरायला थांबला. विश्राम आणि दमयंती दोघंच परत जायला गाडीत बसली. आरशात मागची सीट दिसत होती, सायीसारखी कोरी, वर चार अक्षता पडलेल्या. विश्राम बराच वेळ ती बघत बसला. मग त्यानं आपल्या सीटवरचा अभ्रा ओढून काढला, दमयंतीच्या मांडीवर ठेवला आणि पाठ टेकून गाडी सुरू केली.