उजव्या पुठ्ठ्यावरची खूण

गावच्या वाचनालयात माझ्या चित्रांचं प्रदर्शन भरवायचं मार्लिसने ठरवलं, तेव्हा मी तिला म्हटलं होतं की त्यापेक्षा एखाद्या चांगल्या चित्रकाराचं भरव.

"हॅल्व्हरकाका," ती म्हणाली, "चांगला मिळेपर्यंत तुमच्यावर भागवते."

मार्लिस आमची ग्रंथपाल. तिच्या वडिलांच्या, डटन प्रूइटच्या रँचवर मी बाविसाव्या वर्षी कामाला लागलो होतो. कामाला म्हणजे नावापुरताच. मी दोर फेकला की वासरू सुटायचं आणि कुंपणाचा खांब सापडायचा. खोगिराच्या पिशवीत पुस्तक ठेवायचो आणि घोडा थांबला की वाचायचो. मी काय वाचतो, हे फक्त डटनच्या बायकोने, लोर्नाने विचारलं. जनावरांच्या खाद्याच्या दुकानातल्या कॅलेंडरांवरून मी एल्क हरणं आणि अस्वलं गिरवतो हेही तिलाच ठाऊक होतं.

प्रदर्शनाच्या काचपेटीत ठेवायला मार्लिसला जुन्या वह्या आणि स्लाइडी हव्या होत्या. एका सकाळी मी खिडकीशी बसून डबा उघडला. तिसरी की चौथी स्लाइड लोर्नाची निघाली. जुनिपर नावाच्या तांबूस घोडीवर बसलेली, मागे डटनचा ट्रक.

याच स्लाइडवरून मी माझं पहिलं मोठं तैलचित्र केलं होतं. आम्ही चित्रकार सगळेच असं करतो, उघडपणे कुणी सांगत नाही एवढंच. यंत्राने स्लाइड कापडावर पाडायची, बाह्यरेषा पेन्सिलीने धरून घ्यायची, मग रंगवायचं. एकोणऐंशीच्या नाताळात मी ते चित्र प्रूइटांना दिलं. त्या हिवाळ्यात मी हात टेकले होते. फार्गो शहरात मामाचं हार्डवेअरचं दुकान होतं, तिथे जाऊन खिळे विकायचं ठरवलं होतं. चित्र म्हणजे निरोपाची भेट.

लोर्नाने ते स्वयंपाकघरात जेवणाच्या टेबलाच्या वर भिंतीला टांगलं. माझं एल्कचं एक चित्र मला न विचारता शिकारीच्या मासिकाला पाठवलं, आणि त्यांनी ते मुखपृष्ठावर घेतलं. फार्गो राहिलं. पुढची चाळीस वर्षं मी एल्क, अस्वलं, रानमेंढ्या आणि गुराखी रंगवत पोट भरलं. मात्र प्रूइटांकडे जेवायला येणारा जो तो ते चित्र बघून गप्प व्हायचा. आवडलं नसेल, असं मी धरून चाललो. धरून चालायला मला फार वेळ लागत नाही.

स्लाइड उजेडात धरली. ट्रकचा नंबर सरळ वाचता येत होता, म्हणजे मी ती सुलटी धरली होती. घोडीवर प्रूइटांची डागलेली खूण होती, छपराखाली इंग्रजी टी. ती मागे, डाव्या पुठ्ठ्यावर होती.

चित्रात ती उजव्यावर आहे.

मी स्लाइड यंत्रात उलटी घातली होती. छपराखालचा टी आरशातही तसाच दिसतो, म्हणून मला कळलं नव्हतं. ट्रकच्या जागी मी टेकडी काढली होती, म्हणून नंबराकडे बघितलंच नव्हतं. आणि आमच्याकडे नुसत्या खुणेला अर्थ नसतो, ती अंगावर कुठे डागली त्यावरून मालक ठरतो. त्या काळी छपराखालचा टी डाव्या पुठ्ठ्यावर असला तर जनावर प्रूइटचं. उजव्यावर असला तर नदीपलीकडच्या केचमचं. डटन आणि केचम एका पाणवठ्यावरून भांडले होते आणि चर्चमध्येसुद्धा वेगवेगळ्या दारांनी शिरायचे.

म्हणजे लोर्नाला मी केचमच्या घोडीवर बसवलं होतं. मी वाईट चित्रकार आहे असं कुणी म्हटलं तर चालतं, मी स्वतःच म्हणत आलो आहे. पण ज्या बाईमुळे मी चित्रकार झालो तिला मी तिच्याच स्वयंपाकघरात घोडेचोर करून टांगलं होतं. ती जाऊन सहा वर्षं झाली. शनिवारी सगळं खोरं ते चित्र बघायला येणार होतं. एक दुपार मिळाली तर मी खूण बुजवू शकलो असतो.

रंगांची पेटी घेतली आणि डटनकडे गेलो.

अठ्ठ्याऐंशी वर्षांचा डटन शेगडीपाशी उभा होता. मी म्हणालो, "चित्र जरा घेऊन जातो. धूळ बसली असेल, साफ करतो."

"धूळ मार्लिस दर रविवारी पुसते. पेटीत काय आहे?"

"रंग."

"मग धूळ रंगवणार आहेस होय?"

मला खोटं जमत नाही. स्लाइड त्याच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. त्याने ती डोळ्याजवळ नेली.

"अच्छा, स्लाइड उलटी घातलीस! आम्हाला वाटायचं, आरशात बघून काढलंस."

"तुम्हाला माहीत होतं?"

"पोरा, जन्मभर मी घोड्यांचे पुठ्ठेच बघत आलोय." बहात्तर वर्षांच्या माणसाला पोरा म्हणणारा आता तो एकटाच उरला आहे. "तिने कागद फाडला तेव्हाच दिसलं मला. मी तोंड उघडलं, तर टेबलाखाली माझ्या पायावर टाच बसली. तू गेल्यावर म्हणाली, 'तो पोरगा फार्गोला निघालाय. एक शब्द बोललास तर उद्यापासून तुझं तू रांध.'"

"आणि जेवायला यायचे ते?"

"त्यांना दारातच दम. दालचिनीचे रोल हवेत ना, मग तोंड रोलसाठीच उघडायचं."

मी खुर्चीवर बसलो. मग आठवलं.

"पण तुमचे घोडे रस्त्यावरून दिसतात. त्यांच्या तर उजवीकडेच खूण आहे. म्हणून तर मला कधी शंका आली नाही."

डटन कॉफी ओतत राहिला. "केचम रँच विकून ॲरिझोनाला चालला, तेव्हा हॅट हातात घेऊन त्याच्या दारी गेलो. म्हटलं, तुझी ती उजवीकडची खूण माझ्या नावे कर. त्याने माझं बक्षिसाचं खोगीर मागितलं. दिलं. तेव्हापासून आमच्याकडे जन्मलेल्या प्रत्येक शिंगराला उजवीकडे डागलंय."

ते खोगीर त्याने तरुणपणी रोडिओत, गुराख्यांच्या स्पर्धेत, जिंकलं होतं. ते दिसेनासं झालं तेव्हा मला वाटलं होतं, गुडघे गेले म्हणून विकलं.

"एका चित्रासाठी?"

"चित्र बदलायचं तर तुला सांगावं लागलं असतं. घोडे बदलणं सोपं होतं."

मी कपावर वाकलो.

"रडू नकोस, कॉफी पाणचट होईल," डटन म्हणाला. "आणि खोगिरावरच्या दोराचं काय करायचं ते मला अजून सुचलेलं नाही. तोही तू डावीकडे टांगलायस. सगळी दुनिया दोर उजव्या हाताशी ठेवते. कुणी विचारलं तर सांगतो, बाई डावखुरी होती."

पेटी न उघडता मी परत आलो.

शनिवारी वाचनालय भरलं. माझ्यावर कुणाकुणाचे संस्कार झाले यावर मी दोन पानं लिहून नेली होती. त्यात थोर चित्रकारांची बरीच नावं होती. धुतलेल्या शर्टातले म्हातारे रँचवाले भिंतीकडेने सरकत होते. लोर्नाच्या चित्रापाशी प्रत्येक जण थांबे, त्याची नजर पुठ्ठ्यावर जाई, मग माझ्याकडे वळे. कुणी काही बोलत नसे. चव्वेचाळीस वर्षं ही शांतता मी चुकीची वाचत आलो होतो. मार्लिसने मला बोलायला उभं केलं तेव्हा ती पानं खिशातच राहिली, कारण त्यांत या खोलीतलं एकही नाव नव्हतं.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून जनावरांवरच्या खुणा तपासणारा सरकारी अधिकारी चित्राकडे बोट करून म्हणाला, "माफ करा, पण यांचा दोर डावीकडे कसा?" तो वसंतातच इथे बदलून आला होता.

खिडकीपाशी एक जण म्हणाला, "डावखुरी होती." दाराशी दुसरा म्हणाला, "पक्की डावखुरी." डटनने मान डोलावली. मार्लिस, तिची सख्खी मुलगी, गंभीरपणे म्हणाली, "चमचासुद्धा डाव्याच हाताने."

अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहिलं.

"डावखुरी होती," मी म्हणालो. माझं भाषण तेवढंच झालं.