भाऊजींची फरसबी

माझ्या ताईचा नवरा विमा कंपनीत विभागप्रमुख होता. निवृत्त होऊन बराच काळ लोटला, तरी त्याच्या डोक्यातली खुर्ची काही रिकामी झाली नाही. माझ्या तोंडी 'भाऊजी' आणि 'अहो-जाहो' असतं, ते ताईसाठी. मनातल्या मनात मी त्याला एकेरीवरच ठेवलाय.

ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तिचा पलंग मागच्या खोलीत, खिडकीपाशी आला. खिडकीबाहेर तिची बाग. फार मोठी नाही, भिंतीला लागून चार वाफे आणि पाण्याचा नळ, पण त्यातलं ढेकूळन् ढेकूळ तिच्या हातचं. स्वयंपाकघरातून तीन पायऱ्या उतरलं की बाग. त्या पायऱ्या तिला डॉक्टरांनी बंद केल्या होत्या. वॉकर घेऊन न्हाणीघरापर्यंत जायचं, बस्स.

फरसबी लावायचे दिवस होते. वेलाच्या फरसबीचं बी तिनं जपून ठेवलं होतं. ती मला म्हणाली, "दुकान बंद केल्यावर येशील का? मी सांगते तसं टोकून दे."

माझं कपडे शिवायचं दुकान त्यांच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे आहे. मी हो म्हणणार, तेवढ्यात भाऊजी दारात येऊन उभा.

"मी असताना बाहेरची माणसं कशाला? फरसबीत काय आहे? जमिनीत टाकायचं, पाणी घालायचं. एवढं मोठं खातं चालवलंय मी."

बाहेरची माणसं म्हणजे मी. धाकटी सख्खी बहीण.

पहिल्या खेपेला त्यानं मोबाइलवर कुणा दाढीवाल्याचा व्हिडिओ पाहिला आणि बी दूध-पाण्यात भिजत घातलं. ताई म्हणाली, "अहो, भिजवू नका. सालं सुटतात, मग कुजतं." त्यानं ऐकून घेतल्यासारखी मान हलवली आणि भांडं झाकून ठेवलं. बी टम्म फुगलं, फुटलं आणि असं घाण मारायला लागलं की मोलकरणीनं भांडं नाकाला पदर लावून बाहेर नेलं. भाऊजीचं मत असं पडलं, की दूध भेसळीचं होतं.

दुसऱ्या खेपेला त्यानं बी कोरडंच पेरलं, पण इतकं खोल, की पेरलं म्हणण्यापेक्षा पुरलं म्हणावं. वर झारीवर झारी. आणि रोज सकाळी चहा झाला की हा खुरपं घेऊन जायचा आणि उगवतंय का ते उकरून बघायचा. ताई खिडकीतून सांगायची, "अहो, बोटाच्या एका पेराइतकंच खोल जाऊ द्या. आणि उकरू नका हो." हा वर न बघता म्हणायचा, "तू पाय सांभाळ."

तेही गेलं. मग हा बियाण्यांच्या दुकानात जाऊन भांडला. घरचं बी कुजल्याबद्दल दुकानदाराशी भांडणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

तिसऱ्या खेपेला बी उगवलं. त्याचं श्रेय सर्दीला. पेरल्यावर भाऊजीला सर्दी झाली, आणि सर्दीत हा माणूस मरणपंथाला लागल्यासारखा कण्हत अंथरुणात पडून असतो. त्या आठवड्यात ना कुणी उकरलं, ना कुणी झारी उचलली. मातीला जरा निवांतपणा मिळाला आणि वाकड्या मानेचे कोंब वर आले. ताईनं मला फोन करून सांगितलं, "आले गं!" आवाज असा, जसं काही भाचरू झालं. भाऊजी बरा होऊन उठला, नाक पुसत बागेत गेला आणि म्हणाला, "बघितलंस? आहे हातात काहीतरी."

मग खत. ताई म्हणाली, "याला खत नको. शेंगेचं झाड आपलं खत आपणच करतं. फार दिलंत तर नुसता पाला माजेल." भाऊजीनं पोतं आणलं. पाला माजला. काठ्यांवरून, सुतळीवरून, भिंतीवरून वेल असे चढले की लांबून बघणाऱ्याला वाटावं, वा! जवळ जाऊन पानं उचलली तर आत काही नाही. दोन-चार फुलं आली, तीही गळाली. बाकी नुसता दिमाख. वेल अगदी मालकावर गेला होता.

आणि या पाल्याच्या भरवशावर भाऊजीनं ऑफिसातले जुने सहकारी बायकांसह रविवारी चहाला बोलावले. "घरची फरसबी बघायला या. प्रत्येकाला थोडी थोडी देईन घरी न्यायला."

शनिवारी तो माझ्या दुकानात आला. कधी नव्हे ते.

"हिरवा दोरा आहे का?"

"कसला हिरवा? गडद, पोपटी?"

"पानासारखा."

मला वाटलं, शर्टाचं बटण असेल. हिरव्या शर्टाचं. मी रीळ दिलं.

रविवारी मी ताईकडेच होते. तिचे केस विंचरून, तिला बरी साडी नेसवून खिडकीपाशी बसवली होती. पाहुणे थेट बागेत उतरले. भाऊजी पुढे, हात मागे बांधून, जसं काही साहेब पाहणीला निघालेत. वेलांवर शेंगा लटकत होत्या. भरपूर. मी चाटच पडले. ताईनं मान पुढे काढून बघितलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

पाहुण्यांपैकी एक बाई जरा धीट होत्या. त्यांनी एक शेंग धरून ओढली. शेंग आली, तिच्याबरोबर दोरा आला, आणि दोऱ्याबरोबर अर्धा वेल खाली आला.

"अहो," त्या म्हणाल्या, "ही तर चवळीची शेंग आहे."

होतीच. हातभर लांब, बारीक, मऊ. या शहाण्यानं बाजारातून शेंगा आणून रात्री बांधल्या, त्याही चवळीच्या. जन्मभर दोन्ही भाज्या ताटात वाढलेल्या खाल्ल्या, पण कोणती काय हे कधी बघितलं नव्हतं.

कुणीतरी फिसकन हसलं. भाऊजीचे कान लाल झाले. आणि मग तो खिडकीकडे बोट करून हसत म्हणाला, "आमच्या हिचे उद्योग! दिवसभर बसून करमत नाही ना. म्हटलं, नको, लोक काय म्हणतील. पण ऐकते कुठे?"

मला इतकी वर्षं वाटायचं, हा माणूस नुसता मूर्ख आहे. तेवढ्यावर मी भागवून घेतलं होतं. त्या क्षणी कळलं, की मूर्ख ही पदवी त्याला फार बरी होती.

ताई शांतपणे म्हणाली, "हो, मीच बांधल्या. तीन पायऱ्या उतरून, शिडीवर चढून. वॉकर कडेवर घेतला होता."

मी खिडकीतूनच म्हणाले, "भाऊजी, उरलेला दोरा परत द्या. रीळ आख्खं नेलंत काल."

चहा तसाच राहिला. पाहुण्यांना एकाएकी कामं आठवली.

मी ताईची बॅग भरली आणि तिला माझ्याकडे आणलं. गुडघा सुधारत गेला. भाऊजीचा रोज फोन यायचा: साखर कुठे, गॅसचं बटण कोणत्या बाजूला, मोलकरीण का रागावली. एकदा विचारलं, "ते वेल काढून टाकू का?" ताई म्हणाली, "कशालाही हात लावू नका," आणि फोन ठेवला.

पायऱ्या उतरायची परवानगी मिळाली त्याच दिवशी ती परत जायला निघाली. मी भडकले.

"त्या माणसाकडे? जगासमोर तुझ्यावर ढकललं त्यानं!"

"त्याच्याकडे कोण जातंय?" बॅगेची चेन लावत ती म्हणाली. "बाग माझी आहे. मी का सोडू? जायचं तर त्यानं जावं."

मला ते पटलं नाही. अजूनही पुरतं पटलेलं नाही. पण चाळीस वर्षांत ती नवऱ्याबद्दल पहिल्यांदाच 'त्यानं' म्हणाली, हे मी ऐकलं.

गेल्या गेल्या तिनं पाला उपटला, माती मोकळी केली आणि उरलेलं मूठभर बी टोकलं. भाऊजीला पायऱ्यांच्या खाली उतरायची मनाई. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून सूचना देतो. पाणी कमी झालं, काठी तिरकी आहे. ती मागे वळून बघत नाही. थोड्या वेळानं तो आत जातो. बाहेर तिचं काम चालू असतं.

परवा तिनं पिशवीभर फरसबी पाठवली. कोवळी, मोडली की कट्‌कन आवाज येणारी. मी निवडायला बसले, तर भाऊजीचा फोन.

"पोचल्या का शेंगा? जून व्हायच्या आत तोड, असं मीच सांगितलं तिला."

मी फोन कापला आणि देठं काढायला लागले.